बॅटरीसमोर बसलेले आण्णा

आण्णा खरं तर कापडदुकानदार, पण आम्हा पोरांना ते वाळूच्या बादलीसकट आठवतात. रविवारी मॉडेल विमानं उडवायला कळंब्याच्या माळावर येताना स्कूटरवर पायांशी बादली असायचीच. कुणी हसलं की म्हणायचे, "हसा की. पेटल्यावर वाळू हुडकत फिरा."

विमानाच्या लिथियम बॅटऱ्या ते राजारामपुरीतल्या दुकानाच्या गच्चीवर चार्ज करत. मोकळ्या फरशीवर, मातीच्या कुंडीत, आसपास कापडाची चिंधीही नाही. चार्जिंग संपेतो समोर स्टुलावर आण्णा. फोन वाजला तरी नजर हलायची नाही. "हिला पाठ दावायची न्हाय." एखाद्या दिवशी उडवणं रद्द झालं, तर भरलेल्या बॅटऱ्यांचा चार्ज निम्म्यावर उतरवल्याशिवाय ते घरी जात नसत. भरलेली तशीच ठेवली की ती फुगते, म्हणायचे. मला हे सगळं जरा जास्तच वाटायचं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कॉलेजांच्या मॉडेल विमान स्पर्धेच्या आदल्या दिवशी माळावर सराव करताना आम्हा मित्रांचं विमान नाकावर आपटलं. बॅटरी किंचित फुगली होती, पण चालत होती. घरी नेऊन चार्ज करू, म्हणून मी ती सॅकमध्ये टाकली. आण्णांनी विचारलं, "घरात कोण असतं?"

"आई. शिवणकाम करते."

"म्हंजे कापडंच कापडं. आण हिकडं."

बॅटरी बादलीतल्या वाळूवर ठेवून त्यांनी आम्हाला लांब सारलं. बराच वेळ काहीच होईना. माझा मित्र म्हणाला, "आण्णा, उगवायला टाकलीया काय?" तेवढ्यात फुस्स आवाज झाला, पांढरा धूर निघाला आणि पाठोपाठ फूटभर जाळ. माझ्या डोळ्यांपुढे आईचं मशीन आलं. मी आणखी मागे सरलो. आण्णांचा चेहरा तर माझ्याहून पांढरा.

"भ्यालास न्हवं? ती भीती ऱ्हाऊ दे तशीच," ते म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. "परवा चार्जिंगला लावून बसल्या जागी डोळा लागला माझा. झालं कायबी न्हाय. पर लागला." विमानं आता बंद, म्हणाले. सगळ्या बॅटऱ्या आमच्या कॉलेजच्या पोरांसाठी माझ्या हवाली केल्या. फक्त नेण्याआधी त्या निम्म्यावर उतरवायच्या होत्या.

मी पहिली बॅटरी उतरवायला चार्जरला जोडली आणि स्टुलावर बसलो. त्यांच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं.

"बघत बस. मी जातो," ते म्हणाले.

जिन्यावरून त्यांची पावलं खाली जात होती. चार्जरवरचा आकडा सावकाश उतरत होता. मला मान वळवता आली नाही.