डच बाईंचा सत्कार

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी एका डच व्हायोलिनवादक बाईंना घेऊन आले. आपलं संगीत समजून घ्यायला त्या माझ्या गुरुजींकडे आल्या होत्या. उभं आयुष्य तिकडच्या ऑर्केस्ट्रात वाजवलेल्या बाई आमच्या मांडवात वाजवायला एका शब्दावर तयार झाल्या.

अध्यक्षांनी आधी सत्कार काढला. नारळ घ्यायला हात मोकळे हवेत म्हणून बाईंना व्हायोलिन पेटीत ठेवायला लावलं. मग बाईंच्या कारकिर्दीवर दोन शब्द बोलतो म्हणून उभे राहिले आणि स्वतः बांधून घेतलेल्या पाण्याच्या टाकीवर बोलत सुटले. त्यांच्यानंतर नगरसेवक, मग नगरसेवकांचा मेहुणा. प्रत्येकाची वेगळी शाल. त्या उकाड्यात बाईंच्या अंगावर शालींचा ढीग झाला. तेवढ्यात आरतीची वेळ झाली.

“मॅडमना सांगा, नेक्स्ट टाइम नक्की,” अध्यक्ष मला म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई मात्र हसत आरतीला टाळ्या वाजवत उभ्या होत्या.

नोटीस बोर्डावर वर्षभर फोटो लटकत होता. बाई, नारळ आणि अध्यक्ष. खाली लिहिलं होतं, ‘व्हायोलिनवादनाचा कार्यक्रम उत्साहात संपन्न.’ आजही शेजारी मलाच सांगतात, “काय वाजवलं होतं हो त्या बाईंनी!”