कॅप्टनचे पांढरे दिवे

तिची आणि कॅप्टनची पहिली भेट झाली, तेव्हा कॅप्टन लॉन्ड्रीत दारातून आला नाही, दारासकट आला. ती काउंटरवर बसून कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती. बाहेर मालक हात हलवत 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होते. गाडी मागे घेणाऱ्या नव्या ड्रायव्हरला तेवढं पुरलं, पुढच्या 'बस, बस'मध्ये त्याला रस नव्हता. शटर वाकलं, चौकट उखडली, भिंतीवरचं घड्याळ तिच्या मांडीत येऊन पडलं, समोरच्या इमारतीतल्या कबुतरांनी त्याच दिवशी बिऱ्हाड हलवलं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या एका म्हाताऱ्याची कित्येक वर्षांची उचकी थांबली. धुळीच्या ढगातून एक उंच माणूस खाली उतरला, दाराचे अवशेष बघून म्हणाला, "हे बसवलंच होतं चुकीच्या जागी." तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला आणि लग्न ठरलं. मध्ये काही महिने गेले असतील, पण ती ते गाळून सांगते.

कॅप्टन हे नाव त्याला तिच्या धाकट्या भावाने दिलं. स्टिअरिंगवर बसला की हा माणूस छाती अशी पुढे काढायचा, की मागे मळक्या चादरींची गाठोडी नसून जहाजभर प्रवासी आहेत असं वाटावं. जगातल्या बाकी सगळ्या ड्रायव्हरांची त्याला मनापासून कीव यायची. रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या हॉटेलांतून चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल गोळा करून आणायचे, हे दोघांचं काम. तो गाडी चालवायचा, ती शेजारी बसून मोजदाद करायची आणि बोलायची. तिला तो रेडिओ म्हणत असे. लग्नानंतरची बरीच वर्षं हा रेडिओ बंद कुठून करतात याचा शोध घेण्यात गेली.

पण गेल्या हिवाळ्यापासून गंमत झाली. ती जरा थांबली की तोच म्हणायचा, "बोल की, गप्प का?" ती सुखावली. इतक्या वर्षांनी का होईना, नवऱ्याला आपल्या बोलण्यातली गोडी कळली. मग तिला आणखी चेव आला. ते बघा, औषधाच्या दुकानासमोर ट्रक आडवा लावलाय मेल्याने. ती बाई बघा, पोराला घेऊन सरळ रस्त्यात उतरली. आणि या वळणावरचा खड्डा अजून तसाच आहे हो, बुजवतील तेव्हा बुजवतील. तो हुंकार भरायचा आणि ट्रकला, बाईला, खड्ड्याला व्यवस्थित वळसा घालायचा.

अधूनमधून तिला भीती वाटायची, नाही असं नाही. एकदा त्याने काळ्या पिशवीला माणूस समजून ब्रेक मारला. एकदा माणसाला काहीच समजला नाही, तो माणूसच उडी मारून बाजूला झाला. तिने विचारलं की उत्तर ठरलेलं. दिवे मंद आहेत. कंपनीने या गाडीत दिवे नाहीत, समया बसवल्यात. आता एलईडी टाकायचे, पांढरेशुभ्र, मग बघ. तिलाही ते पटलं. भीतीला कुठेतरी बसायला जागा हवी असते, ती दिव्यांत बसली.

भाऊ गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्याने साफ नाही म्हटलं. पण कॅप्टन बल्बचा खोका घेऊनच त्याच्या गॅरेजवर उभा राहिला. दाजींचा शब्द मोडवेना, तेव्हा त्याने बल्ब बसवले, आणि संध्याकाळ झाल्यावर गाडी समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली. त्या भिंतीवर त्याने खडूने एक आडवी रेघ मारून ठेवली होती. दिव्याचा उजेड त्या रेघेखाली राहिला पाहिजे, हा त्याचा नियम. बटण दाबलं. भिंत उजळली, रेघ उजळली, वरचं छप्पर उजळलं आणि छपरावर झोपलेलं मांजर उठून निघून गेलं.

भावाने समजावून सांगितलं की या दिव्याची वाटी जुन्या पिवळ्या बल्बसाठी केलेली आहे. त्यात हे टाकले की उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी चहूकडे उधळतो. "रेघेच्या वर गेलेला सगळा उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, दाजी. तो आंधळा होऊन तुमच्याच अंगावर येईल."

"मग त्याने डोळे मिटावेत," कॅप्टन म्हणाला.

ती म्हणाली, तो म्हणतोय ते खरं आहे, काढून टाका. एवढंच म्हणाली. पण कॅप्टनने ते मनाला लावून घेतलं. बायकोला माहेर आधी दिसतं, नवरा नंतर, असं तो तिच्या भावासमोर बोलला. तिने ओठ मिटले. गाडीत बसली ती खिडकीकडे तोंड करून. आज एक शब्द बोलायचा नाही, उद्याही नाही, परवाचं परवा बघू.

हॉटेलांतून गाठोडी भरून ते परत निघाले तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. कालव्याच्या कडेने जाणारा रस्ता, एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला छातीएवढा कठडा आणि खाली पाणी. नवे दिवे असे पेटले होते की झाडांची पानंसुद्धा मोजून घ्यावीत. समोरून आलेल्या पहिल्या ट्रकने चिडून आपला मोठा दिवा यांच्या तोंडावर मारला. दुसऱ्यानेही तेच केलं. कॅप्टन पुटपुटला, "जळतात." गाडी मात्र धीमी झाली.

ती गप्पच होती.

"बोल की," तो म्हणाला.

तिने बाहेर बघितलं. मनातल्या मनात म्हणाली, आता कशी आठवण झाली.

"अगं, काहीतरी बोल." आवाज बारीक झाला होता. या माणसाचा आवाज बारीक होऊ शकतो, हे तिला माहीत नव्हतं. तिने मान वळवली. कॅप्टनची छाती कुठेच नव्हती. तो स्टिअरिंगवर पुरता वाकला होता, डोळे ताणलेले, कपाळावर घाम. समोरून तिसरी गाडी मोठा दिवा लावून येत होती. तो सरळ पुढे बघत हळूच म्हणाला, "वळण आलं का?"

वळण आलं होतं. तिच्या बाजूला, दिव्यांच्या लख्ख उजेडात, कठडा सरकत जवळ येत होता. तो तिला दिसत होता आणि त्याला दिसत नव्हता.

 त्याच क्षणी हिवाळ्यापासूनचं सगळं तिला कळलं. ट्रक, बाई, खड्डा. तो गोडीने ऐकत नव्हता. तो तिच्या बोलण्यावर गाडी चालवत होता.

"माझ्या बाजूला कठडा आहे," ती म्हणाली.  "तुमच्या बाजूला घ्या. अजून. अजून थोडं. आता हळू. थांबा. थांबा म्हणते ना."

गाडी कठड्याला घासून थांबली. तिच्या दाराचा आरसा तुटून खाली गेला. पाण्यात पडल्याचा आवाज दोघांनी ऐकला. मागची गाठोडी एकेक करून सावकाश कलंडली. त्याने दिवे बंद केले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण दोन्ही हातांनी त्याची बाही धरून ठेवली आहे.

"कडेचं दिसत नाही गं," तो म्हणाला. "नळीतून बघावं तसं दिसतं. अंधारात तेवढंही नाही. वाटलं, जास्त उजेड पडला तर दिसेल."

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर गाडी गेली असती. गाडी गेली तर मी कोण?"

 तिने भावाला फोन लावला आणि तो मोटारसायकलवरून येईपर्यंत ती बोलत राहिली. कशाबद्दल ते तिला आठवत नाही. टॉवेलांबद्दल असेल, त्या म्हाताऱ्याच्या उचकीबद्दल असेल. थांबलं तर काहीतरी होईल, अशी भीती तिला वाटत होती. प्रत्येक येणाऱ्या गाडीबरोबर ती दचकत होती, आणि तो अंधारात तिचा आवाज येईल तिकडे तोंड करून बसला होता.

भाऊ आला. त्याने दिवा पेटवून बघितला, दाजींना हाताला धरून मागच्या गाठोड्यांवर बसवलं आणि गाडी स्वतः चालवत आणली. पांढरे बल्ब त्याने दुसऱ्या दिवशी काढले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू म्हणून सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली थेंब घालून टिकवायची. गाडीवर आता दुसरा ड्रायव्हर आहे, तो कानात गाणी लावून बसतो. कॅप्टन लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालतो. घड्या वाकड्या येतात, की काउंटरवरून ती म्हणते, "तुमच्या बाजूला घ्या. अजून थोडं."