एकलहऱ्याचा भोंगा

ती कुजबुजायची तेव्हा तीन वर्गांना ऐकू जायचं. लायब्ररीत शेजारणीच्या कानात काही सांगायला ती वाकली, की कपाटामागून ग्रंथपालांचा आवाज यायचा, "समजलं हो आम्हाला सगळ्यांना. आता बसा." ती एकलहऱ्याची. वडील तिथल्या वीज केंद्रात कामाला आणि घर तिथल्याच कॉलनीत. पाळी बदलताना वाजणाऱ्या भोंग्याचं नाव तिला कोणी दिलं ते माहीत नाही, पण चिकटलं ते कायमचं. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा तिला रागही नव्हता. "भोंगा वाजला नाही तर लोक कामाला जाणार कसे?" असं उलट तीच आम्हाला विचारायची. तोंडावर मी मात्र तिला ताईच म्हणत असे, कारण ती दोन वर्षांनी पुढे होती आणि आमच्या 'दवंडी'ची संपादक होती.

'दवंडी' हे आमच्या नाशिकच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र. वर्तमानपत्र म्हणायला छाती लागते, कारण होती ती चार पानं, दर पंधरवड्याला सायक्लोस्टाइल मशीनवर काढलेली. स्टेन्सिल हातानं कापायची, ऑफिसातल्या मशीनवर शाई लावून हँडल फिरवायचं आणि ओल्या पानांची चळत घेऊन वर्गावर्गात हिंडायचं. बोटं आठवडाभर काळी. सत्तरीचं दशक संपत आलं होतं, आणि पत्रकार व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे नाशकात कोणालाच धड माहीत नव्हतं. भोंग्याला माहीत होतं. निदान तिचा चेहरा तरी तसं सांगायचा.

मी कळवणची. शेतकऱ्याची मुलगी, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, आणि आवाज असा की वर्गात हजेरी दिली तरी गैरहजेरी लागायची. निबंध बरा लिहिते म्हणून कोणीतरी मला जिन्याखालच्या 'दवंडी'च्या खोलीत नेऊन सोडलं. भोंग्यानं माझा कागद हातात घेतलाच नाही. म्हणाली, "वाच." मी वाचू लागले. "मोठ्यानं. एकलहऱ्याला ऐकू गेलं पाहिजे." मी म्हटलं, "ताई, मला नाय जमायचं. लय भीती वाटती." ती हसली. "भीती वाटू दे गं. आवाज काढ म्हणजे झालं."

मोठ्यानं वाचण्याचं हे वेड कुठून आलं ते मला नंतर तिच्या घरी गेल्यावर कळलं. यंत्रांच्या घरघरीत वर्षं काढून वडिलांच्या कानांनी राजीनामा दिला होता. संध्याकाळी ते खुर्ची दारात घेऊन बसत, मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि म्हणत, "बोल बेटा, काय म्हणतोय पेपर?" मग ती त्यांना अख्खं वर्तमानपत्र वाचून दाखवायची. समोरच्या बिऱ्हाडातली माणसंही आपापल्या ओट्यावर येऊन बसत, फुकट बातम्या कोण सोडतो! एखादी गोष्ट पटली नाही की वडील हात वर करत. "थांब. हे पुन्हा वाच. हा माणूस थापा मारतोय." आणि गंमत अशी, की दुसऱ्यांदा वाचताना तिलाही ते वाक्य खोटं वाटू लागायचं.

त्यातूनच 'दवंडी'चा नियम आला. दुसऱ्या कुठल्याही वर्तमानपत्रात तो मी पाहिला नाही. ज्याची बातमी, त्याला ती आधी ऐकवायची. कागद नेऊन द्यायचा नाही, तोंडी निरोप द्यायचा नाही. त्याच्यासमोर उभं राहायचं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं, आणि मग विचारायचं, "तुमचं काय म्हणणं?" तो जे म्हणेल ते बातमीखाली जसंच्या तसं घालायचं. "लिहिताना हवं तेवढं खोटं लिहिता येतं," भोंगा म्हणायची, "पण माणूस समोर असला की जीभ अडते. अडली तिथे खूण कर. तिथेच बातमी चुकलेली असते."

माझी पहिलीच बातमी आमच्या वसतिगृहातल्या कच्च्या भाकरीची होती. मी ती मोठ्या त्वेषानं लिहिली होती आणि स्वयंपाकीण मावशींचा त्यात चांगलाच उद्धार केला होता. भोंग्यानं मला मुदपाकखान्यात धाडलं. मावशी भाकरी थापता थापता ऐकत राहिल्या. माझी जीभ दोनदा अडली. शेवटी म्हणाल्या, "भाकरी कच्ची हाय हे खरंय, बाई. पण रॉकेल कुठंय? कंट्रोलच्या दुकानात आलंच नाय अजून. काय तुझ्या कागदावर भाजू भाकरी?" मी परत येऊन सांगितलं तेव्हा भोंग्यानं टेबलावर थाप मारली. बातमी भाकरीची नव्हतीच, रॉकेलची होती. ती तशी छापली आणि वसतिगृहात आठवडाभरात रॉकेल आलं. मावशींनी मला त्या दिवशी एक भाकरी जास्त वाढली, आणि ती मला आजवरच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते. पुरस्कार मिळालेला नाही हा भाग वेगळा.

भोंग्याचं स्वतःचं एक स्वप्न होतं आणि ते तिनं आमच्यापासून लपवलं नाही. शहरातल्या एका दैनिकाला कॉलेजांच्या बातम्या देणारा वार्ताहर हवा होता. तिथल्या संपादकांनी तिला सांगितलं होतं, "वर्षभराचे सगळे अंक घेऊन या, मग बघू." तिच्या घरात तोवर कोणी लेखणीवर पोट भरलं नव्हतं. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, ही नोकरी तिलाच मिळाली पाहिजे. वर्ष संपायला दोन अंक उरले होते, आणि त्यातल्या पहिल्याच अंकात वाचनकक्षाची बातमी आली.

बातमी साधी होती. कॉलेजचा वाचनकक्ष मुलींना दुपारी चारनंतर बंद असे. कारण विचारलं तर उत्तर यायचं, मुलींनी वेळेत घरी जावं. प्रत्यक्षात चारनंतर तिथे प्राध्यापकांचा कॅरम रंगायचा. परीक्षा तोंडावर आलेल्या, ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही अशा मुली जिन्यावर बसून वाचत, आणि आतून राणी पडल्याचा जल्लोष ऐकू येई. मुख्य खेळाडू होते आमचे उपप्राचार्य. सायक्लोस्टाइल मशीन वापरायची परवानगीही तेच देत.

आमचा सहसंपादक पंचवटीतला, व्यवहारी मुलगा. तो म्हणाला, "ह्या वेळी आधी छापू, वाटू, मग ऐकवू. नाहीतर मशीन गेलं, अंक गेला, आणि ताई, तुझी नोकरीपण गेली." खोलीतल्या सगळ्यांचं तेच मत होतं, माझंही. भोंग्यानं बातमीचा कागद टेबलावरून उचलला. मग म्हणाली, "मावशींना ऐकवलं. शिपायाला ऐकवलं. सरांना नाही ऐकवलं, तर आपला नियम फक्त गरिबांसाठी होता असं होईल. मला नाही चालणार ते."

मी तिच्याबरोबर उपप्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. तिनं बातमी वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे बाहेरच्या कारकुनांनाही ती पाठ झाली असणार. सरांचा चेहरा लाल झाला. "सर, तुमचं काय म्हणणं?" तिनं विचारलं.

"दिवसभर शिकवल्यावर माणसाला दोन घटका विसावा नको? आणि मुलींना उशीर झाला तर त्यांच्या आईबापांना उत्तर कोण देणार, तू?"

भोंगा लिहीत होती. सर आणखी चिडले. "आणि आजपासून मशीनला हात लावायचा नाही."

"सर, हेही तुमचं म्हणणं म्हणून घालू?"

"घाल! कशावर छापतेस तेच बघतो मी."

तिनं तेही लिहून घेतलं, "धन्यवाद सर" म्हणाली आणि आम्ही बाहेर पडलो. जिन्यापाशी येताच ती थांबली. कठडा तिनं घट्ट धरला होता. "बाबांना काय सांगू गं?" एवढंच ती म्हणाली, आणि ते एकच वाक्य तिनं माझ्यादेखत हळू आवाजात उच्चारलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कॉलेजच्या पोर्चच्या वरच्या पायरीवर भोंगा उभी राहिली. हातात अंकाचे कागद. "दवंडी ऐका हो दवंडी!" असं म्हणून तिनं अंक वाचायला सुरुवात केली. अख्खा अंक. अग्रलेख वाचला, क्रिकेटचा निकाल वाचला, हरवलेल्या छत्रीची सूचना वाचली. एवढंच काय, शब्दकोडंसुद्धा वाचलं. "आडवा शब्द, चार अक्षरी, त्र्यंबकेश्वराला जाताना लागणारा डोंगर!" सायकल स्टँडवरून पोरं ओरडली, "अंजनेरी!" कँटीन रिकामं झालं. गच्च्या भरल्या. मग तिनं वाचनकक्षाची बातमी वाचली, आणि तिच्याखाली सरांचं म्हणणं, विसाव्यापासून ते 'कशावर छापतेस तेच बघतो मी' पर्यंत, एकही शब्द न गाळता आणि सरांची जराही नक्कल न करता. सगळं आवार हसलं. वर गॅलरीत उपप्राचार्य उभे होते. ते हसले नाहीत, पण आतही गेले नाहीत.

आठवडाभर काहीच घडलं नाही. आम्ही भोंग्यासमोर नोकरीचा विषय काढायचं टाळत होतो. मग सरांनी तिला बोलावलं. मी दाराशीच होते, आणि तिच्या बाजूचं संभाषण ऐकायला दाराशी असण्याचीही गरज नव्हती. सर म्हणाले, "आईबापांबद्दलचं माझं म्हणणं तू गाळशील असं वाटलं होतं. तेवढाच काय तो माझा मुद्दा होता."

"सर, तुम्ही आमचं ऐकून घेतलंत. मग तुमचं कसं गाळणार?"

कॅरम स्टाफरूममध्ये गेला. वाचनकक्ष मुलींना सहापर्यंत खुला झाला, आणि मशीनची परवानगीही परत मिळाली. शेवटचा अंक रीतसर निघाला.

ती दैनिकाच्या कचेरीत गेली तेव्हा संपादकांनी अंक चाळले आणि विचारलं, "ह्यात एक अंक दिसत नाही?" ती म्हणाली, "तो छापला नाही सर, वाचला." "म्हणजे?" मग तिनं त्या कचेरीत उभं राहून तो अंक वाचून दाखवला. अर्ध्यातच टाइपरायटर थांबले म्हणे. संपादक म्हणाले, "पुरे पुरे, सोमवारपासून या. पण फोनवर जरा हळू बोला." तिचे वडील आम्हाला पेढा देताना म्हणाले, "माझ्या कानापर्यंत पोचतो तो आवाज. मग कुठं पोचायचा नाय?"

पुढची कितीतरी वर्षं त्या दैनिकात कॉलेजांच्या बातम्या तिनं दिल्या. मनमाडपासून सटाण्यापर्यंतच्या कॉलेजांतली पोरं तिच्याकडे कागद घेऊन येत, आणि ती कागद हातात न घेता म्हणे, "वाच." त्यातली कितीतरी आज वर्तमानपत्रांत आहेत. पुढे त्याच दैनिकानं तिला औरंगाबादला बढतीवर पाठवलं. मी निरोप द्यायला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर गेले होते. एसटी सुटली तरी खिडकीतून तिचं बोलणं चालूच होतं आणि वळणापर्यंत मला प्रत्येक शब्द ऐकू आला. मी तिथे उभी राहून रडले, आणि रडता रडता मला हसूही येत होतं.

शिक्षण संपल्यावर मी कळवणला परतले होते आणि कॉलेजात मराठी शिकवू लागले होते. मुलांचं भित्तिपत्रक माझ्याकडे आलं, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तो नियम सांगितला. त्या नियमाचा मला केवढा अभिमान! मुलं तो पाळायला लागली. मी खूश होते. परवा दुपारी प्रथम वर्षाची एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात कागद होता.

"मॅडम, बातमी ऐकवायची हाय."

"कोणाची?"

"तुमची."

मी पेन खाली ठेवलं. माझा तास रोज घंटेनंतरही चालू राहतो, त्यामुळे खेड्यावरून येणाऱ्या मुलींची एसटी चुकते, आणि पुढच्या गाडीपर्यंत त्यांना स्टँडवर ताटकळत बसावं लागतं, अशी ती बातमी असावी. असावी म्हणते, कारण ती इतकं हळू वाचत होती की मला धड ऐकूच येत नव्हतं. मी तिला थांबवलं. ती घाबरली. तिला वाटलं, आता ही बाई कागद फाडणार.

"पहिल्यापासून वाच," मी म्हटलं. "मोठ्यानं. एकलहऱ्याला ऐकू गेलं पाहिजे."

एकलहरं कुठं आहे हे त्या पोरीला ठाऊक नसावं. पण तिनं आवाज चढवला.