एका थ्रेडच्या प्रोग्रामनं लावलेला ठपका

कुपवाडच्या एका फाउंड्रीत वजनकाट्यावर बसणाऱ्या मावशींवर अन्याय झाला. मागच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वादहाला. सुपरवायझरनं सगळ्यांदेखत वजनाच्या रद्द झालेल्या नोंदींची यादी वाचली. प्रत्येक नोंदीपुढं एकच कारण छापलेलं: ऑपरेटरची चूक.

“आवं साहेब, मी कास्टिंग ठेवते आन् उचलते. बटणाला हातबी लावत न्हाई.”

ऐकतो कोण? कॉम्प्युटरनं सांगितलंय म्हटल्यावर संपलं. दुपारपासून त्यांना ग्राइंडिंगच्या धुळीत उभं केलं.

तो प्रोग्राम माझा. कारखान्यांच्या गेटवर कामगार संघटनेची पत्रकं वाटत वाढलेला मी, आणि कारण न कळलेली प्रत्येक चूक ऑपरेटरच्या माथी मारणारी ओळ मीच लिहिली होती. का? सगळे तसंच लिहितात म्हणून. लाज वाटते सांगायला, पण सांगणार.

हे कानावर आलं तशी साताऱ्याहून गाडी काढली आणि थेट ग्राइंडिंगमध्ये मावशींपुढं जाऊन उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “क्रेन हालली की काटा दम खातोय. तवाच रद्द पडतंय, बघ.”

मी आमच्या सीनियरला फोन लावला. काट्याशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे आम्ही जोडलेला तयार कोड, आतून वेगळा थ्रेड, म्हणजे बाजूनं एकाच वेळी चालणारं दुसरं काम, चालवते का, विचारलं.

“चालवू दे की रं गड्या. आपला प्रोग्राम एका थ्रेडचा हाय. कंपाइल करताना थ्रेडचा पर्याय कशाला लावतोस?”

मीही तेच धरून बसलो होतो. जुन्या कामातली कंपाइलची, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणायची, ओळ उचलायची, नव्याला चिकटवायची, चाललं की खूश!

चूक तिथंच होती. कारखान्यातला कंपायलर जुना. थ्रेडचा पर्याय न लावता कंपाइल केलं की ‘काही बिघडलं का’ ही खूण ठेवायला सगळ्या थ्रेडना मिळून एकच जागा. माझा प्रोग्राम ती खूण पुसून वजनाचा आकडा वाचायचा आणि मग खूण तपासायचा. मधल्या क्षणात क्रेन हालली, काटा अडला, की लायब्ररीचा थ्रेड आपली तक्रार त्याच जागेत टाकायचा. वजन बरोबर, तरी नोंद रद्द. पर्याय लावला की प्रत्येक थ्रेडला आपली स्वतंत्र जागा.

लावला. पुन्हा कंपाइल केलं. दिवसभर क्रेन फिरली, एकही नोंद रद्द झाली नाही.

“झालं ते झालं, जाऊ द्या आता,” सुपरवायझर म्हणाला.

“जाऊ देणार नाही. चूक प्रोग्रामची होती, हे फळ्यावर लिहा. मावशींना काट्यावर बसवा.”

त्यानं तोंड वाकडं केलं, पण लिहिलं. मावशी काट्याकडं जाताना हसल्या. “एवढं शिकलास, आन् क्रेनचं मला सांगावं लागलं व्हय रं?”

तुम्ही प्रोग्राम लिहिता? मग आजच तुमची कंपाइलची ओळ उघडा. जोडलेली लायब्ररी आत थ्रेड चालवते का ते वाचा. चालवत असेल, तर तुमचा एका थ्रेडचा प्रोग्रामही थ्रेडचा पर्याय लावून नव्यानं कंपाइल करा. आणि न समजलेली चूक माणसाच्या नावावर टाकणारी ओळ सापडली, तर ती आधी खोडा.