माहेरचं कार्ड, सासरचं कार्ड

पहाटे चारला तिचा दिवस सुरू व्हायचा आणि उजाडायच्या आत ती इस्पितळाच्या धुलाई विभागात उभी असायची. तिथे चादरींना इस्त्री करणारा लांबलचक गरम रोलर होता. एका बाजूने ओली चादर ताणून आत सोडायची, दुसऱ्या बाजूने कडक, वाफाळती चादर झेलून घडी घालायची. सोडताना कोपरा दुमडला तर तो तसाच भाजून निघतो आणि ती चादर पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. तिच्या हातून गेलेली चादर परत आली नाही, असं ती स्वतः म्हणायची. समोर उभी राहणारी घडीवालीही ते खोडून काढायची नाही, आणि घडीवाली कोणाची भीड ठेवणारी नव्हती.

गेले काही महिने ती सुटीच्या दिवशीही जादा पाळी करत होती.

“एवढं काय घ्यायचंय गं?” घडीवालीने एकदा विचारलंच.

“कार्ड.”

“कार्डाला एवढे पैसे? सोन्यावर छापलंय का?”

“कॉम्प्युटरचं. चित्र पळवणारं. ह्यांच्या ट्रकसाठी.”

नवऱ्याने जन्मभर ट्रक चालवला होता. मग उजव्या तळपायाची जाणीव गेली. ब्रेकवर पाय पडलाय की नाही हे कळेना, तेव्हा कोणी सांगायच्या आत तो स्वतःच किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवून आला. घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे पिंजऱ्यातला वाघ. म्हणून तिने जुना कॉम्प्युटर घेतला, टेबलाला खेळातलं स्टिअरिंग आवळून बसवलं. ब्रेक आणि वेग दोन्ही बोटांनी चालवायचे, पायाचं काम नाही. रोज संध्याकाळी तो पडद्यावर सिमेंट वाहायचा, लाकूड वाहायचा आणि आडव्या आलेल्या गाडीवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरायचा.

मग चित्र अडखळायला लागलं. वळणावर ट्रक थिजायचा आणि एकदम पुढे उडी मारायचा. त्याला गरगरायचं, मळमळायचं. एके दिवशी त्याने स्टिअरिंग सोडवलं आणि पलंगाखाली सरकवलं. त्यानंतर तो भिंतीशी बसून राहायचा, बोलणंच आटलं. चहा विचारला तरी “हं”, जेवण वाढलं तरी “हं”.

ती घाबरली ती या “हं”ला. इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडणारी माणसं तिने पाहिली होती. त्यांच्या चादरींना सुरकुत्या पडत नाहीत.

खेळाची नवी आवृत्ती आली होती, ती जुन्या कार्डाला झेपत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. एकमत झालं ते तेवढ्यापुरतंच. कार्डाच्या कंपन्या दोन. एकीचा खोका लाल, दुसरीचा हिरवा. तिचा भाऊ मोबाइल दुरुस्त करायचा, तो लालवाला. दीर दुकानांत कॅमेरे बसवायचा, तो हिरव्यावाला.

“ताई, हिरव्यावाले नुसते नावाचे पैसे घेतात. लालमध्ये तेवढ्याच पैशांत जास्त मेमरी.”

“वहिनी, खुशाल लाल घ्या. फक्त रोज त्याची समजूत काढायची तयारी ठेवा.”

बघता बघता कार्ड बाजूलाच राहिलं. लाल घेतलं तर हिला माहेरचं तेवढं खरं वाटतं. हिरवं घेतलं तर सख्ख्या भावाची किंमत नाही. सासूबाईंना कार्ड म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण त्यांचं मत हिरवं होतं. आईला हल्ली रंगही नीट दिसत नव्हते, तिचं लाल. नवऱ्याला विचारलं तर “हं.”

शेवटी तिने दोघांना सारखाच निरोप धाडला. “रविवारी आपापल्या कॉम्प्युटरमधलं कार्ड काढून घेऊन या. इथल्या मशीनमध्ये लावा. काय ते डोळ्यांसमोर होऊ दे.”

रविवारी दोघे आले. तिने पलंगाखालून स्टिअरिंग ओढलं, पुसलं, स्वतः आवळलं. नवरा फोटो काढायला बसवल्यासारखा येऊन बसला.

मान पाहुण्याचा म्हणून भावाने आधी सुरुवात केली. कॉम्प्युटरच्या डब्यावर तिने शिवलेली खोळ होती, ती काढली. पत्रा उघडला, जुनं कार्ड काढून लाल बसवलं, पत्रा लावला. पत्रा लागताच तिने खोळ पुन्हा चढवली आणि नाड्या बांधल्या. तिच्या घरात मिक्सरला खोळ होती, पंख्याला होती, रिमोटलाही होती. ही तर बाद झालेल्या चादरी दुहेरी करून, खळ देऊन शिवलेली. सुरू करायच्या बटणापुरतं काज केलेलं, मागे वायरींना फट. म्हणजे काढायची गरजच नाही.

ट्रक निघाला. लोण्यातून सुरी जावी तसा. भावाने मांडी घातली. चहा झाला, घाट लागला आणि चित्र थिजलं. नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

“पाहुणे, तुमचा घोडा चढावर बसला,” दीर म्हणाला.

मग हिरवं बसलं. पत्रा लागला, खोळ चढली, नाड्या बांधल्या. ट्रक पुन्हा झोकात निघाला. भाऊ उंदराच्या बिळाशी बसलेल्या मांजरासारखा पडद्याकडे बघत होता. घाट लागला. चित्र थिजलं.

“तुमचा तरी कुठे उभा आहे?” भाऊ म्हणाला.

“वीजपुरवठा कमी पडतोय तुमच्या ताईंच्या मशीनला.”

“मगाशी नव्हता का कमी पडत?”

दोघांची जुंपली. ती दाराला टेकून उभी होती. दोन्ही कार्डं अशीच निघाली तर घ्यायचं काय? आणि हा माणूस उठून पुन्हा भिंतीशी जाऊन बसला तर त्याला परत आणायचं कसं?

नवरा उठला नाही. त्याने खोळीखाली हात घातला आणि चटकन मागे घेतला.

“कुठल्या गाढवाने इंजिनावर गोधडी घातलीय?”

भांडण तिथेच थांबलं. इतके शब्द त्याच्या तोंडून कित्येक दिवसांत निघाले नव्हते.

“रेडिएटरपुढे पोतं बांधून घाट चढवताय? लाल काय नि हिरवं काय, दोन्ही उकळणारच. आत हवा कुठून जाणार? या काजातून?”

“मी घातली,” ती म्हणाली.

“मग गाढव मागे घेतो,” तो म्हणाला. “गोधडी नाही.”

दिरानेही खोळीखाली पत्र्याला तळवा लावून पाहिला. “वहिनी, यावर तुमच्या इस्पितळाच्या चादरींना इस्त्री होईल.”

जन्म वाफेत काढलेली बाई ती. कोंडलेली ऊब काय करते हे तिला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. खोळ शिवली आणि चित्र अडखळायला लागलं, दोन्ही एकाच सुमारास. पण तेव्हाच नवी आवृत्तीही आली आणि सगळ्यांनी बोट कार्डाकडे दाखवलं. तिने नाड्या सोडल्या. एकीची गाठ घट्ट बसली होती, ती दातांनी सोडवली.

“जुनंच लावून बघा आधी,” नवरा म्हणाला.

जुनं लागलं. ट्रक घाट चढला, पलीकडे उतरला, माल पोचवला, दुसरा भरला. दिवस कलला तरी चित्र कुठे अडलं नाही.

“हे अजून दोन-तीन वर्षं ओढेल,” दीर म्हणाला. भावानेही मान डोलावली. आपलं कार्ड जिंकलं नाही याचं दुःख दोघांना होतं, पण समोरच्याचंही जिंकलं नाही, त्यामुळे दोघे पोटभर जेवले. आपापलं कार्ड पिशवीत घालून एकाच मोटरसायकलवरून गेले, वाटेत भांडत.

ती पलंगाच्या कडेवर बसली. महिनोन्‌महिने ताठलेल्या पोटऱ्या त्या संध्याकाळी सैल पडल्या. जादा पाळ्या वाया गेल्या असं ती म्हणाली नाही. पैसे जागेवर होते आणि माहेर-सासर दोन्हीकडे तोंड दाखवायला जागा होती.

“तिथून नीट दिसत नाही,” नवरा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “क्लीनरची जागा ड्रायव्हरशेजारी असते.”

पुढच्या आठवड्यात ती फर्निचरच्या दुकानात गेली. प्रत्येक खुर्चीत बसून पाहिलं. घाई केली नाही; दुकानदार कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. तिने उंच पाठीची, हातांची, पाय पसरायला पाट असलेली खुर्ची घेतली आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला ठेवली. तिच्यावर खोळ घातली नाही.

किंमत ऐकून घडीवालीच्या हातातली चादर तशीच राहिली. “बसायला एवढे?”

“उभं राहून कमावलेत,” ती म्हणाली आणि पुढची चादर आत सोडली.