सतरंजीवरच्या बाई

"आयकू आलं तर आयका, नाय तर निजा. पन उठू नका."

मैफल सुरू होण्याआधी बाई एवढंच सांगायच्या. सांगताना उजवा पंजा सतरंजीवर सपाट ठेवायच्या आणि डझनभर मुलं त्या पंजाकडे बघत खाली बसायची. तुम्हीही शास्त्रीय संगीत ऐकायला जात असाल, तर तिथे चार-पाच वर्षांचं मूल दिसलं की लोक आधी त्याच्याकडे आणि मग त्याच्या आईकडे कसे बघतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या पनवेलात तर अख्खी बालवाडीच पहिल्या रांगेच्या पुढे येऊन बसलेली असायची.

बाई मूळच्या उरणच्या, कोळ्यांच्या घरातल्या. लग्न होऊन पनवेलला आल्या आणि बालवाडी चालवता चालवता म्हाताऱ्या झाल्या. आमच्याच गल्लीत राहायच्या. मी आमच्या संगीत मंडळाचा कार्यकर्ता, म्हणजे खुर्च्या मांडणारा आणि चहा सांगणारा. एकदा सहज म्हटलं, "बाई, रविवारी गाणं आहे, या." त्यांनी विचारलं, "पोरं आनली तर चालंल?" नातवंडं असतील एखाद-दोन, असं समजून मी हो म्हणून मोकळा झालो. रविवारी दारात बघतो तर काय! तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांची, न्हावा शेव्याला ट्रेलर नेणाऱ्यांची, बांधकामावरच्या कातकऱ्यांची आणि आमच्या सोसायटीतल्या डॉक्टरीणबाईंचीसुद्धा मुलं एकमेकांचे हात धरून ओळीने उभी.

रागदारीतलं बाईंना काही कळत नव्हतं आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. "त्यातलं मला कलत नाय, भाऊ. गोड लागतं येवढं कलतं. पोरांना बसवायचं तेवढं मला येतं," म्हणायच्या.

बसवायची त्यांची तऱ्हा मात्र न्यारी. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी रिकाम्या सभागृहात मुलांना आणायच्या आणि सरळ सोडून द्यायच्या. "धावा. वरडा. काय वरडायचं ते आताच वरडून घ्या." मुलं खुर्च्यांमधून पळत, मंचावरून उड्या मारत, स्वतःचं नाव ओरडून ते भिंतीवरून परत येतं का बघत. मी मांडलेल्या रांगांचं काय व्हायचं ते विचारू नका. मग हातपाय धुवून पोहे, आणि मग शू करायला कुठे जायचं ते एकेकाला हात धरून दाखवणं. संध्याकाळपर्यंत अंगातली वाफ गेलेली आणि जागा ओळखीची झालेली. त्यामुळे मुलं बसत. निदान बहुतेक वेळा बसत.

विलंबित ख्याल चालू असताना एकदा एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "अजून पहिलीच ओळ चाललीय?" खरं सांगू का, माझ्याही मनात तेच आलं होतं.

"वा" कधी म्हणायचं, हे बाईंनी मला विचारून घेतलं होतं. मी म्हणालो होतो, "आवडेल तिथे." मुलांनी ते मनावर घेतलं. तबलजींनी पावडरचा डबा उघडून दोन्ही हातांवर भुरभुर पावडर उडवली, तेव्हा सतरंजीवरून खणखणीत आवाज आला, "वा!" गवई हसले, तबलजी हसले, सगळं सभागृह हसलं. फक्त आमचे अध्यक्ष हसले नाहीत.

अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांची. तिथे डोळे मिटून, मांडीवर हाताने ताल धरून बसायचे. माणूस वाईट नाही, पण गाणं चालू असताना टाचणी पडलेली खपायची नाही. पुढच्या बैठकीत त्यांनी ठरावच मांडला, की दहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. हे कळताच बाई बैठकीत येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमी पयलं गानं कदी आयकलं?"

"मी? नोकरी लागल्यावर. मुंबईत."

"म्हंजे उशीरच झाला म्हनायचा."

आम्ही चहाच्या कपांत तोंडं लपवली. मग बाईंचा आवाज खाली आला. लहानपणी त्या आईबरोबर मासळीची पाटी घेऊन बाजारात जायच्या. वाटेत एका घरी गाणं चाललं होतं. त्या दारात थबकल्या, तर आतून कुणीतरी म्हणालं, वास येतोय, दार लावा.

"गानं कसलं व्हतं ते आजून म्हाईत नाय," बाई म्हणाल्या. "दार लावल्याचा आवाज तेवढा ध्यानात हाय. या पोरांवर दार लावू नका, साहेब."

अध्यक्षांनी ठरावाचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. म्हणाले, "एक कार्यक्रम बघू. मुलांचा एक जरी आवाज झाला, तरी सतरंजी बंद."

त्या रविवारी बाई नेहमीपेक्षा तासभर आधीच मुलांना घेऊन आल्या. दुपारी मुलांना दमवायचं म्हणून त्या स्वतःही त्यांच्यामागे धावल्या, पदर खोचून. संध्याकाळी गायिकेने सूर लावला आणि मी भिंतीला टेकून सतरंजीवर नजर ठेवून उभा राहिलो. हूं नाही की चूं नाही. गाणं रंगत गेलं. अध्यक्षांचे डोळे मिटले. आणि अगदी हळुवार आलाप चालू असताना घर्रर्र असा आवाज आला.

अध्यक्षांनी डोळे उघडले. मी सतरंजीकडे बघितलं. मुलं तर जागच्या जागी शहाण्यासारखी बसली होती. दमलेल्या बाईच बसल्या बसल्या घोरत होत्या.

अध्यक्ष खुर्चीतून पुढे वाकले. त्याबरोबर सगळी मुलं मागे वळली आणि त्यांच्याकडे बघून प्रत्येकाने ओठांवर बोट ठेवलं. एक मुलगी तर डोळे वटारून कुजबुजली, "श्शू! बाई निजल्यात!" अध्यक्ष निमूट मागे टेकले.

मध्यंतरात हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ठराव मागे घेतो. मुलांना प्रवेश आहे. बाईंचं काय करायचं ते बघू." बाईंनी लाजून पदर तोंडाला लावला. मला मात्र म्हणाल्या, "नीज आनली म्हंजे गानं चांगलंच व्हतं, भाऊ."

गेल्या थंडीत बाई गेल्या. आजार दोन दिवसांचा. मला त्यांची फार आठवण येते, हे आडपडदा न ठेवता सांगतो.

त्यानंतरच्या मैफलीला मुलं येतील असं वाटलं नव्हतं, पण आईबापांनी आणून सोडली. ती सतरंजीवर बसली आणि कुणीतरी मोठं माणूस शोधत इकडेतिकडे बघू लागली. मी चहाच्या गडबडीत होतो. तेवढ्यात अध्यक्ष खुर्चीतून उठले, गुडघे धरत धरत खाली बसले आणि मुलांच्या मधोमध मांडी घातली. मध्यंतरानंतर एका लहानगीने त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि ती झोपली. ताल धरायला मांडी उरली नाही. त्यांचा हात उगीच हवेत राहिला, मग हळूच तिच्या पाठीवर आला.

कार्यक्रम संपला, लोक पांगले. मुलीची आई लगबगीने आली. "द्या काका, उठवते तिला."

"थांबा जरा," अध्यक्ष अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "गाढ झोपलीय."

आई तिथेच सतरंजीच्या कडेला टेकली. मी खुर्च्या गोळा करत होतो. मग एकेक खुर्ची दोन्ही हातांनी उचलून, तिचा पाय फरशीला लागू न देता, बाहेर नेऊन ठेवू लागलो.