गौसभाईचा कवडसा

कोल्हापुरात कंदील करावेत गौसभाईनं, आणि सूर्याकडं कसं बघू नये तेही त्याच्याकडूनच शिकावं. तरुणपणी सूर्यावरचे डाग शोधायला त्यानं काचेवर काजळी धरली, तीही नव्या नवरीच्या डोळ्यांत घालावी तेवढीच. डाग सापडला, पण तो त्याच्याच डाव्या डोळ्यात, आणि कायमचा. उजव्या डोळ्यावर पत्र्याच्या सांध्यांना डाख देणं आणि घर, दोन्ही चाललं होतं.

महाराज गादीवर येऊन चार वर्षं होत आली होती, तेव्हा पौषाच्या अवसेला मोठं ग्रहण आलं. एका साहेबाचा जुना क्यामेरा गौसभाईनं आधीच घेऊन ठेवला होता. फोटो उमटवायची काच मात्र एकच उरली होती.

"वर बघाल तर याद राखा!" बायको शमशाद म्हणाली. "दुसरा डोळा गेला तर कंदील कोण करनार, तुमचा सूर्य?"

मग त्याला दुकानातला कवडसा आठवला. छपराला खिळ्याचं भोक चौकोनी, पण जमिनीवर कवडसा गोल! म्हणजे तो भोकाचा आकार नव्हेच. सूर्यच खाली उतरून बसलेला.

ग्रहणादिवशी त्यानं खोली गच्च बंद केली. खिडकीला भोक पाडलेला पत्रा ठोकला. चुना लावलेली फळी शमशादच्या हातात दिली आणि क्यामेरा फळीकडं वळवला.

शेजारचा ज्ञानू बाहेरून ओरडला, "गौसभाई, सूर्य हितं हाय की! लगीन मांडवात आन् तू कोठीत?"

"नवरदेव कोठीतच येतोय, ज्ञानूदादा!"

फळीवरचा गोळा झिजत झिजत कोर झाला. बाहेर अंधारलं, कावळे गप्प झाले, गल्लीत एकच कल्ला उठला. गौसभाईचे पाय दाराकडं वळले. एकदाच, डोळा लवेपर्यंत!

"जावा की," शमशाद शांतपणे म्हणाली. "मी फळी ठेवते खाली."

तो मुकाट्यानं क्यामेऱ्याकडं परतला. झाकण काढलं, दहा अंक मोजले, झाकण लावलं.

काच धुतल्यावर सूर्याची कोर झकास उमटली होती, नखाएवढी. शेजारी, तिच्या तिप्पट मोठा, फळी धरलेला शमशादचा अंगठा.

"गिरान कुटाय ह्यात?" ज्ञानूनं विचारलं. "ह्यो तर भाभीचा अंगठा!"

"त्यो बी पायजेच," गौसभाई म्हणाला. "त्याच्याखाली ऱ्हायलो म्हनून डोळा ऱ्हायला."

फोटो दुकानात लागला. गिऱ्हाईक तो निरखेपर्यंत गौसभाई उजव्या डोळ्यानं पुढच्या कंदिलाला डाख देत बसे.